समलिंगी भूमिका कुणी करायची? पात्रनिवडीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकांकिका स्पर्धांच्या तालमी सुरू झाल्या की दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमावरची एखादी तरी संहिता आता हमखास कुठल्या ना कुठल्या ग्रुपच्या हाती असते. वाचन होतं, सगळ्यांना आवडते, आणि मग कुणीतरी विचारतं, 'पण हे करणार कोण?' त्यानंतरची चर्चा चहाच्या दोन फेऱ्यांतही आटपत नाही. तिच्यात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरांना बाजू आहे, ती लपवलेली नाही.

थोडक्यात सांगा. नटाचा लैंगिक कल पाहून भूमिका द्यावी का?

नाही. पाहू नये आणि विचारूही नये. पण 'अभिनय म्हणजे अभिनय, विषय संपला' असं म्हणून हात झटकणाऱ्यांशीही आमचं जमत नाही. उघडपणे समलिंगी असलेल्या नटाला इतर भूमिका मिळतात का, संहिता कुणाच्या अनुभवातून आली आहे, आणि तृतीयपंथी कलाकारांना दारातून आत तरी घेतात का, हे प्रश्न शिल्लक राहतातच. खरं भांडण तिथं आहे.

हा वाद आला कुठून? पूर्वी तर कुणी विचारत नव्हतं.

पूर्वी विचारत नव्हते, कारण समलिंगी नट उघडपणे वावरतच नव्हते. हॉलिवूडचा रॉक हडसन वर्षानुवर्षं पडद्यावरचा देखणा प्रियकर म्हणून गाजला. त्याच्या समलिंगी असण्याची उघड चर्चा झाली ती 1985 मध्ये, एड्सची बातमी फुटल्यावर, आणि त्याच वर्षी तो गेला. 'फिलाडेल्फिया'मध्ये एड्स झालेल्या समलिंगी वकिलाची भूमिका केल्याबद्दल टॉम हँक्सला 1994 मध्ये ऑस्कर मिळालं, तेव्हा तो स्वतः स्ट्रेट, म्हणजे भिन्नलिंगी कलाचा आहे हा मुद्दा फारसा कुणी काढला नव्हता. त्याच हँक्सनं 2022 मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की आता स्ट्रेट नटानं ती भूमिका केलेली चालणार नाही, आणि ते योग्यच आहे.

मधल्या काळात बरंच घडलं. 2018 मध्ये स्कार्लेट जोहान्सननं ट्रान्स पुरुषाची (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदल्या गेलेल्या पुरुषाची) एक भूमिका स्वीकारली आणि टीका झाल्यावर सोडली. 'द डॅनिश गर्ल'मध्ये ट्रान्स स्त्री साकारलेल्या एडी रेडमेननं काही वर्षांनी ती भूमिका घेणं ही चूक होती, असं सांगितलं. 2021 मध्ये ब्रिटिश लेखक रसेल टी. डेव्हिसनं 'इट्स अ सिन' या मालिकेत समलिंगी पात्रांसाठी समलिंगी नटच घेतले आणि तसं जाहीर सांगून टाकलं.

आपल्याकडे हा वाद उशिरा पेटला. समलिंगी संबंधांना गुन्हा न मानण्याचा दिल्ली उच्च न्यायालयानं 2009 मध्ये दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये काढून घेतला, आणि कलम 377 मधून समलिंगी संबंध बाहेर पडले ते 6 सप्टेंबर 2018 रोजी. तोवर 'मी समलिंगी आहे, ही भूमिका मला द्या' असं म्हणायचं म्हणजे स्वतःवर फिर्याद ओढवून घेण्यासारखंच होतं.

खून न करता खुनी रंगवता येतो. मग समलिंगी नसताना समलिंगी माणूस का रंगवू नये?

रंगवावा की. पण खुनी लोकांना खुन्याच्या भूमिका मिळत नाहीत म्हणून कुणावर अन्याय होत नाही, एवढा फरक लक्षात ठेवा.

मराठी रंगभूमीला हा फरक शिकवायला बाहेरचं उदाहरण लागत नाही. बालगंधर्व स्त्री-भूमिकेत उभे राहिले की प्रेक्षकांतल्या बायका त्यांच्या साड्या आणि दागिने बघून तशी हौस करत. ती कला अस्सल होती. त्या काळी घरंदाज बाईला रंगमंचावर मज्जाव होता, हेही तितकंच अस्सल होतं. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, आणि पुढच्या काही वर्षांत स्त्रीपार्टी नटांचा जमाना सरला. बालगंधर्वांचा अभिनय कमी पडला म्हणून काही हे झालं नाही. जिला आजवर बाहेर ठेवलं होतं ती आत आली, एवढंच.

म्हणून 'पुरुषांनी बायकांची कामं केलीच ना?' हा दाखला देताना तो पुरा द्यावा. केली, कारण बायकांना येऊ दिलं जात नव्हतं.

मराठीत समलिंगी पात्रं कुणी साकारली आहेत?

सुरुवात विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'पासून करावी लागते. 1981 मध्ये विनय आपटेंच्या दिग्दर्शनात ते रंगमंचावर आलं. मित्रा, म्हणजे सुमित्रा देव, रोहिणी हट्टंगडींनी केली. पार्श्वभूमी स्वातंत्र्यापूर्वीच्या पुण्यातल्या कॉलेजची. गंमत अशी की पात्रनिवडीचा हा सगळा घोळ तेंडुलकरांनी नाटकाच्या आतच घालून ठेवला आहे. कॉलेजच्या नाटकात मित्राकडे पुरुषाची भूमिका येते, समोर नमा असते, आणि सोंग म्हणून सुरू झालेलं प्रकरण मित्राच्या बाबतीत सोंग राहत नाही. नमाचं मात्र तसं होत नाही. भूमिका आणि माणूस यांच्यातली रेघ कुणाच्या बाबतीत कुठं पुसेल हे बाहेरून सांगता येत नाही, हे त्या प्रसंगात जितकं नेमकं आलंय तितकं नंतरच्या कितीतरी परिसंवादांत आलं नाही.

त्या काळात नावाजलेल्या अभिनेत्रीनं ही भूमिका घ्यायची यात मोठी जोखीम होती. पुढं रवी जाधवांनी 'मित्रा' हा लघुपट केला, त्यात वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे होत्या. त्याला सर्वोत्कृष्ट लघुपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्याआधी 1979 मध्ये सतीश आळेकरांचं 'बेगम बर्वे' येऊन गेलं होतं. संगीत नाटकात बारीकसारीक स्त्री-भूमिका करून आता उदबत्त्या विकत फिरणारा बर्वे चंद्रकांत काळेंनी केला. बर्वेला समलिंगी म्हणायचं, ट्रान्स म्हणायचं की जुन्या नाटकांच्या नादातून न सुटलेला म्हातारा म्हणायचं? नाटक उत्तर देत नाही. अशा पात्रासाठी 'त्याच कलाचा नट शोधा' म्हणायचं, तर कुठला कल शोधणार?

'अलीगढ'मध्ये मनोज वाजपेयी स्ट्रेट असूनही गाजला. मग वादच मिटला ना?

'अलीगढ'बद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण हा सिनेमा ज्याच्यावर आहे तो माणूस आपला होता. डॉ. रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे. मूळचे नागपूरकडचे, मराठीत कविता लिहिणारे. 'पाया खालची हिरवळ' या त्यांच्या संग्रहाला पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रण केलं, विद्यापीठानं उलट सिरसांनाच निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं 1 एप्रिलला त्यांच्या बाजूनं आदेश दिला, आणि आठवडाभरातच, 7 एप्रिलला, ते घरात मृतावस्थेत सापडले.

हंसल मेहतांच्या सिनेमात वाजपेयीनं त्या माणसाचा एकटेपणा, लताबाईंच्या गाण्यांबरोबरचा पेला, कोर्टात लागणारी डुलकी, 'गे' या बिल्ल्याबद्दलची त्यांची अढी असं बारीक बारीक काही पकडलं. काम उत्तमच होतं. पण पटकथा आणि संकलन अपूर्व असरानीचं होतं, आणि असरानी स्वतः उघडपणे समलिंगी आहेत. स्वतःला कुठल्याही रकान्यात न बसवणारा सिरस कागदावर तसा उतरला याचं श्रेय पोस्टरवरच्या नावाला जातं, लिहिणारा मागं राहतो.

म्हणून आमचं म्हणणं असं, की पात्राच्या आयुष्याची ओळख असलेलं कुणीतरी लेखनात, दिग्दर्शनात किंवा निदान तालमीत असेल तर नट कुठला का असेना, काम जागेवर राहतं. तसं कुणीच नसेल तर समलिंगी नट घेऊनही संहितेतला खोटेपणा तसाच उरतो.

याला 'साबर बोंडं'चं उदाहरण लागू पडतं का?

अगदी. रोहन परशुराम कानवडे यांचा हा सिनेमा जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि जागतिक कथापट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक घेऊन आला. वडिलांच्या दहाव्यापर्यंत गावी अडकून पडलेला आनंद आणि गावातला जुना मित्र बाळ्या यांची ही गोष्ट. भूषण मनोज, सुरज सुमन आणि आईच्या भूमिकेत जयश्री जगताप. कानवडे समलिंगी आहेत, वडील गेल्यावर गावी काढलेल्या दिवसांतून त्यांना ही कथा सुचली. सुतकातले नियम, पाहुण्यांचं 'आता लग्नाचं बघा', शेतावरचा निवांतपणा हे सगळं आतून आलेलं आहे. दोघा नटांच्या खासगी आयुष्याची चौकशी आम्ही केली नाही. सिनेमा बघताना तिची गरजही भासली नाही.

ऑडिशनला सरळ विचारलं तर काय बिघडतं?

बरंच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात लैंगिक कल हा खासगीपणाचा गाभ्याचा भाग असल्याचं म्हटलं आहे. तुमचा नाट्यग्रुप म्हणजे सरकार नव्हे, त्यामुळे लगेच कुणी कोर्टात खेचेल असं नाही. पण ऑडिशनला समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न टाकला तर त्याच्यापुढं तीनच वाटा उरतात. खोटं बोलायचं, नाहीतर दहा जणांसमोर ते सांगायचं जे त्यानं आईलाही सांगितलेलं नाही, नाहीतर भूमिका सोडून निघून जायचं. शिवाय त्या दहा जणांपैकी एक जण तरी संध्याकाळी कट्ट्यावर बोलणारच.

विचारू नका, कबूल. पण नटानं आपणहून सांगायला काय हरकत आहे?

त्यानं सांगितलं तर सांगितलं. 'सांगायलाच हवं' असं वातावरण झालं की काय होतं ते किट कॉनरच्या बाबतीत दिसलं. 'हार्टस्टॉपर' या मालिकेत त्यानं दोन्हींकडे कल असलेल्या मुलाचं काम केलं. प्रेक्षकांपैकी काहींनी तो स्ट्रेट असूनही ही भूमिका मिरवतोय असा गिल्ला केला. शेवटी 2022 च्या ऑक्टोबरअखेर त्यानं, वयाच्या अठराव्या वर्षी, आपण बायसेक्शुअल असल्याचं लिहून टाकलं आणि ते जबरदस्तीनं वदवून घेतल्याबद्दल लोकांना सुनावलं.

विचित्र गोष्ट ही, की हा छळ समलिंगी लोकांच्या कैवारातून झाला. 'खऱ्याच समलिंगी नटाला घ्या' हा नियम राबवायचा तर कुणाला तरी खरं-खोटं तपासावं लागणार, आणि तपासणी सुरू झाली की पहिला बळी अजून न सांगितलेल्या पोराचाच जातो. डेव्हिससारख्याला हे जमतं, कारण त्याच्याकडे उघडपणे वावरणाऱ्या नटांची फौज आहे. सांगलीच्या किंवा नांदेडच्या ग्रुपकडे ती नसते.

मग तृतीयपंथी आणि ट्रान्स भूमिकांनाही हेच उत्तर लागू?

नाही, आणि इथं आमचं मत बदलतं.

समलिंगी नट लपून का होईना, या धंद्यात कायम होता. पगार घेत होता, नायकही होत होता. ट्रान्स कलाकाराला लपायला जागाच नसते, त्याला किंवा तिला दारावरच थांबवलं जातं. राष्ट्रीय पुरस्कारांकडे बघा. 'जोगवा'तल्या जोगत्यासाठी (देवीला वाहिलेल्या, लुगडं नेसणाऱ्या पुरुषासाठी) उपेंद्र लिमयेंना, कन्नड 'नानु अवनल्ला... अवळु'साठी संचारी विजयला, बंगाली 'नगरकीर्तन'साठी ऋद्धी सेनला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. तिन्ही कामं ताकदीची. लिमयेंचा तायप्पा ज्यांनी पाहिलाय त्यांच्या तो डोळ्यांसमोरून हलत नाही. पण लुगडं नेसलेला पुरुष म्हणजे पुरस्काराचं हुकमी पान, असा एक पायंडा पडला आणि ज्यांचं ते आयुष्य आहे ती माणसं गर्दीच्या दृश्यांपुरती राहिली. त्याही आधी, 'सडक'मध्ये सदाशिव अमरापूरकरांनी रंगवलेली महाराणी आठवा. काम जबरदस्त, फिल्मफेअरचा खलनायकाचा पुरस्कार मिळवणारं. पण त्यानंतर टाळी वाजवत येणारी व्यक्ती दिसली की भीती वाटावी अशी सवय एका पिढीला लागली, तीही त्याच कामाची देणगी.

'ताली'चं प्रकरण अजून गुंतागुंतीचं. 2023 मध्ये आलेल्या या मालिकेत गौरी सावंत यांची भूमिका सुष्मिता सेननं केली. सावंत या तृतीयपंथीयांना कायदेशीर ओळख देणाऱ्या 2014 च्या नालसा खटल्यातल्या एक याचिकाकर्त्या. स्त्री-नटीनं ट्रान्स स्त्री साकारणं हे दाढी लपवून पुरुषानं साकारण्यापेक्षा बरं, कारण प्रेक्षकाच्या मनात 'शेवटी हा पुरुषच' हे ठसत नाही. पण मग ट्रान्स अभिनेत्री का नाही, या प्रश्नाला 'नाव मोठं लागतं' याशिवाय उत्तर मिळालं नाही.

त्याच महिन्यात 'मेड इन हेवन'च्या दुसऱ्या पर्वात त्रिनेत्रा हलदार गुम्माराजूनं मेहेर केली. त्रिनेत्रा डॉक्टर आहे आणि ट्रान्स स्त्री आहे. तमिळ 'पेरन्बु'मध्ये अंजली अमीर याआधीच मामुट्टीसमोर उभी राहिली होती. मल्याळम 'अंतरम'साठी नेघाला केरळ राज्य पुरस्कार मिळाला. कलाकार आहेत, तेव्हा ट्रान्स भूमिकेसाठी ट्रान्स कलाकाराला आधी विचारा, मनापासून शोधा आणि मगच दुसरीकडे वळा, असं आमचं सरळ म्हणणं आहे. यात कुणाला काही कबूल करायला लावावं लागत नाही, त्यामुळे किट कॉनरवाला धोका इथं फारसा नाही. तरी ज्यांनी आपली ओळख जगाला सांगितलेली नाही त्यांना टोकरायचं नाहीच.

आम्ही शोधलं, पण कुणी मिळालं नाही. आता?

कुठं शोधलं? ग्रुपच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज टाकणं हा शोध नव्हे. पुण्यात समपथिक ट्रस्ट ही समलिंगी आणि ट्रान्स लोकांसाठीची संस्था 2002 मध्ये सुरू झाली, मुंबईत 2010 पासून याच विषयांवरचा कशिश चित्रपट महोत्सव भरतो. तिथल्या लोकांशी बोला. येण्याजाण्याचा खर्च द्या. तालमीच्या जागी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं हे आधी ठरवा, नाहीतर बाई दुसऱ्या दिवशी येणार नाहीत आणि तुम्ही म्हणाल 'सिरियस नव्हत्या'. ट्रान्स व्यक्तींशी नोकरीत भेदभाव करायला 2019 च्या कायद्यानं बंदी केली आहे, व्यावसायिक निर्मात्यांनी तर तो वाचूनच ठेवावा.

इतकं करूनही मिळालं नाही तर दुसरा नट घ्या, पण संहिता ट्रान्स व्यक्तीला वाचायला द्या आणि त्या वाचनाचे पैसे द्या.

समलिंगी नटानं स्ट्रेट नायकाची भूमिका केली तर प्रेक्षक स्वीकारतील?

इतक्या वेळा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत हाच सर्वांत महत्त्वाचा, आणि हाच सगळ्यांत कमी वेळा विचारला जातो.

परदेशात स्वीकारलं. नील पॅट्रिक हॅरिसनं 2006 मध्ये आपण समलिंगी असल्याचं सांगितलं, आणि नंतरही कित्येक वर्षं 'हाऊ आय मेट युअर मदर'मध्ये बायकांमागं धावणारा बार्नी करत राहिला. जोनाथन बेलीला 'ब्रिजर्टन'मध्ये प्रेमवेड्या उमरावाच्या भूमिकेत बघायला बायकांची झुंबड उडाली. रुपर्ट एव्हरेट मात्र वारंवार सांगत आला आहे की उघडपणे जगल्यामुळे त्याच्या हातची कामं गेली. तो जुन्या पिढीचा, त्याच्या वेळी किंमत मोजावी लागली.

आपल्याकडे? हिंदीतल्या किंवा मराठीतल्या पहिल्या फळीच्या, उघडपणे समलिंगी असलेल्या नायकाचं नाव आठवून बघा. शांतता पसरते. स्ट्रेट नटालासुद्धा ही भीती आहे. 'कपूर अँड सन्स'मधल्या समलिंगी थोरल्या भावाची भूमिका अनेकांनी नाकारली आणि शेवटी पाकिस्तानच्या फवाद खाननं ती केली. नुसतं सोंग घ्यायलाही एवढी टाळाटाळ, तर खरं सांगणाऱ्याचं काय होईल याचा हिशेब प्रत्येक नट मनात मांडत असणार.

'समलिंगी भूमिका समलिंगी नटालाच' या घोषणेचा एक छुपा तोटाही इथंच आहे. ती फार ताणली की समलिंगी नटाच्या वाट्याला तेवढ्याच भूमिका उरतात. वर्षाला किती सिनेमात अशा भूमिका असतात? त्यावर कुणाचं घर चालायचं? आम्हाला विचाराल तर समलिंगी नटाला पोलीस इन्स्पेक्टर, शेतकरी, नवरा, शिवाजी मंदिरला हाउसफुल्ल चालणाऱ्या फार्समधला गोंधळलेला मामा, हे सगळं मिळायला हवं. ते मिळू लागलं की समलिंगी भूमिका कुणी केली यावरची चिडचिड आपोआप निम्मी होईल.

समलिंगी नटाला समलिंगी भूमिका आपोआप जमते का?

का जमावी? कोथरूडमध्ये वाढलेल्या, इंग्रजी शाळेत शिकलेल्या समलिंगी मुलाला सौंदत्तीच्या जत्रेतल्या जोगत्याचं आयुष्य तुमच्याआमच्याइतकंच परकं आहे. जात, गाव, भाषा, पैसा यांचं अंतर कल सारखा असल्यानं मिटत नाही.

'नटरंग' घ्या. अतुल कुलकर्णींचा गुणा कागलकर हा पैलवानी अंगाचा, बायको-पोर असलेला शेतमजूर. तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. गुणा समलिंगी नाही. तरी कंबर लचकवली म्हणून गाव त्याला जे भोगायला लावतं, ते त्याच्या कलाला विचारून लावत नाही. या भूमिकेसाठी कुलकर्णींनी आधी शरीर कमावलं आणि मग उतरवलं, आणि ती मेहनत पडद्यावर दिसते. कुठल्या रकान्यातला नट हवा होता इथं?

बायकी हावभाव केल्याशिवाय पात्र समलिंगी आहे हे प्रेक्षकाला कळणार कसं?

संहितेतून. ती सांगत नसेल तर मनगट वाकडं करून सांगू नका. काही समलिंगी पुरुषांचं वागणं नाजूक असतं, तेही खरंच आहे आणि तसं पात्र लिहिलं असेल तर जरूर करा, पण हशा वसूल करायला नको. स्पर्धेत परीक्षक आता पहिल्या मिनिटात ओळखतात.

जवळिकीचे प्रसंग कसे बसवायचे? नटाला अवघडल्यासारखं होतं.

दोन स्ट्रेट नटांनाही होतं, आणि मुलगा-मुलगी जोडीलाही होतं. प्रसंग नाचासारखा मोजून बसवा: हात कुठं, किती वेळ, नजर कुठं. हिंदीत 'गहराइयाँ'पासून या कामासाठी वेगळी व्यक्ती नेमायची पद्धत रुळायला लागली आहे. कॉलेजच्या ग्रुपला ते परवडणार नाही, पण तालमीत त्या वेळी फालतू माणसं नकोत आणि मोबाइल बाहेर, एवढं फुकटात होतं. 'नको' म्हणण्याचा हक्क दोघांनाही शेवटच्या तालमीपर्यंत राहील हेही आधीच सांगून टाका.

स्ट्रेट नटाला 'धाडसी भूमिका' म्हणून डोक्यावर घेतात, ते बरोबर आहे का?

1981 मध्ये, 'मित्राची गोष्ट'च्या वेळी, ते धाडस होतं. 1998 मध्ये दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' दाखवणाऱ्या मुंबईतल्या चित्रपटगृहांची तोडफोड झाली, तेव्हा शबाना आझमी आणि नंदिता दास यांचंही धाडसच होतं. आता मामुट्टीसारखा सत्तरी ओलांडलेला सुपरस्टार 'काथल'मध्ये समलिंगी नवरा करतो आणि स्वतःच निर्माता असतो, तेव्हा त्या हिमतीला दाद द्यावीशी वाटते, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडे भरपूर होतं. पण प्रत्येक मुलाखतीत 'मला हे करताना किती कठीण गेलं' सांगणाऱ्या नटाला एकदा हळूच विचारावं: कठीण नेमकं काय गेलं? पुरुषावर प्रेम करणं? मग ज्यांना रोज करायचं असतं त्यांनी काय म्हणायचं?

ग्रुपमधला एक जण समलिंगी आहे, आम्हाला माहीत आहे. त्यालाच भूमिका द्यावी का?

त्यानं तुम्हाला सांगितलंय की तुम्ही ओळखलंय? दुसरं असेल तर तुम्हाला काहीच माहीत नाही असं धरून चाला. पहिलं असेल तर एकट्याला गाठून विचारा, नकार द्यायला भरपूर जागा ठेवून. 'तुला तर सोपंच जाईल' हे वाक्य टाळा. कदाचित त्याला या नाटकात खलनायकाचा वकील करायचा असेल, आणि तो ते झकास करेल. आणि प्रयोगाला त्याचे आईवडील येणार असतील तर स्मरणिकेत 'स्वानुभवातून' वगैरे काही छापू नका.

प्रयोगानंतर प्रेक्षक नटाला गाठून विचारतात, 'तू खरंच तसा आहेस का?' काय सांगावं?

हे होणारच, विशेषतः तालुक्याच्या गावी, मेकअप उतरवायच्या आत. नटानं काही सांगायला बांधील असू नये आणि दिग्दर्शकानं त्याच्या वतीनं 'नाही नाही, त्याची गर्लफ्रेंड आहे' असं घाईघाईनं मुळीच सांगू नये. तसं सांगितलं की तासभर रंगमंचावर जे उभं केलं ते विंगेत येऊन पाडल्यासारखं होतं, शिवाय नेपथ्य आवरणाऱ्या पोरांपैकी एखादा ते ऐकत असतो. 'काम आवडलं का?' असा उलटा प्रश्न बहुतेक वेळा पुरतो. त्यावरही समोरचा अडून बसला तर पुढच्या प्रयोगाची तारीख सांगा आणि टेम्पो भरायला घ्या.